परंपरावाद्यांना परंपरेचा विसर

रघुनाथराव पेशव्यांचा हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील १७८१ साली लंडनमध्ये होता. परमुलुखात सोवळेओवळे सांभाळायचे कसे, या विवंचनेत सापडलेल्या या पाहुण्याला ज्या गृहस्थाने बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि त्याच्या नित्यकर्मांसाठी बागेतील काचगृह मोकळे करून दिले, त्याचे नाव एडमंड बर्क. फ्रेंच राज्यक्रांतीवर १७९० मध्ये प्रखर टीका करणारा हा विचारवंत आधुनिक परंपरावादाचा आद्य प्रवक्ता मानला जातो. वॉरन हेस्टिंग्जवरील महाभियोगाचा खटला १७८८ पासून सात वर्षे चालला. त्यात कंपनीच्या अन्यायावर कोरडे ओढणाराही हाच बर्क होता. या दोन भूमिका वरवर भिन्न वाटल्या तरी त्यांमागील सूत्र एकच आहे. समाज ही अनेक पिढ्यांची संचित पुंजी असते. ती मोडून नव्या आराखड्याबरहुकूम उभारण्याचा अधिकार पॅरिसमधील तत्त्वज्ञांना नाही, तसा तो कलकत्त्यातील गोऱ्या अंमलदारांनाही नाही.

या सूत्राची आठवण आज करून द्यावी लागते, कारण बर्कचा वारसा सांगणाऱ्या अमेरिकेतील मंडळींनीच एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ते पायदळी तुडवले. युद्ध, दहशतवाद आणि संस्कृतिसंघर्ष या तिन्ही प्रश्नांवर परंपरावाद्यांचे मत म्हणजे आक्रमकांचे मत, असा समज त्यामुळे रूढ झाला. वस्तुतः तो अपुरा आहे.

दोन प्रवाह

अमेरिकेतील परंपरावादी विचारांत प्रथमपासून दोन प्रवाह दिसतात. ‘द कन्झर्व्हेटिव्ह माइंड’ हा ग्रंथ १९५३ मध्ये लिहून बर्कची परंपरा अमेरिकेत रुजवणारे रसेल कर्क हे पहिल्या प्रवाहाचे प्रतिनिधी. साम्यवादाचे ते कट्टर विरोधक होते. तथापि १९९१ च्या आखाती युद्धावर त्यांनी कठोर टीका केली. युद्धामुळे केंद्रसत्ता बळावते, कर्ज वाढते आणि स्थानिक संस्था दुबळ्या होतात, असे या प्रवाहाचे सांगणे असते.

दुसरा प्रवाह नवपरंपरावाद्यांचा. त्यांचे अग्रणी आयर्व्हिंग क्रिस्टॉल हे डाव्या गोटातून उजवीकडे आलेले. डॅनियल बेल यांच्यासमवेत त्यांनी १९६५ मध्ये ‘द पब्लिक इंटरेस्ट’ हे नियतकालिक सुरू केले. सरकारने सद्हेतूने आखलेल्या योजनांचे अनपेक्षित परिणाम किती विपरीत होतात, हे त्या नियतकालिकाने साधार दाखवून दिले. याच वर्तुळातील जीन कर्कपॅट्रिक यांनी १९७९ मध्ये बजावले होते की, लोकशाही वाटेल तेथे, वाटेल तेव्हा रोवता येत नाही. तिला लागणारी शिस्त आणि सवयी अंगी बाणायला दशके, प्रसंगी शतकेही लागतात. म्हणजे ज्या प्रवाहाने पुढे इराकमध्ये लोकशाही नेण्याचा चंग बांधला, त्याच्याच शिदोरीत त्या साहसाविरुद्धचा सर्वांत सबळ युक्तिवाद होता.

संतापाचा कौल

११ सप्टेंबर २००१ रोजी सुमारे तीन हजार निरपराध माणसे मारली गेली. नागरिकांच्या जीविताचे रक्षण हे राज्यसंस्थेचे आद्य कर्तव्य असल्याने, हल्ल्याचा कट रचणाऱ्यांवर आणि त्यांना थारा देणाऱ्या अफगाण राजवटीवर कारवाई करणे परंपरावादी विचाराशी सुसंगतच होते. इराकची गोष्ट निराळी होती. त्या हल्ल्यात सद्दामचा हात असल्याचे सिद्ध झाले नव्हते, आणि ज्या संहारक अस्त्रांचा गवगवा झाला ती पुढे सापडलीही नाहीत.

धोक्याची सूचना मिळाली नव्हती असे नाही. थोरल्या बुश यांचे सुरक्षा सल्लागार राहिलेले ब्रेंट स्कोक्रॉफ्ट यांनी ऑगस्ट २००२ मध्ये जाहीर लेख लिहून इराकवर हल्ला करू नये असे सांगितले. पॅट ब्युकॅनन यांनी तर युद्धविरोधी परंपरावाद्यांसाठी त्याच वर्षी स्वतंत्र नियतकालिक काढले. परंतु ‘नॅशनल रिव्ह्यू’ या उजव्यांच्या मुखपत्रात डेव्हिड फ्रम यांनी २००३ मध्ये अशा टीकाकारांना देशभक्तिशून्य ठरवले. ज्या विचारसरणीने सावधगिरी हा राजकारणातील श्रेष्ठ गुण मानला, तिच्याच दरबारात सावधगिरी द्रोह ठरली.

उंटावरून शेळ्या

मार्च २००३ मध्ये युद्ध सुरू झाले आणि तीन आठवड्यांत बगदाद पडले. खरी परीक्षा त्यानंतरची होती. अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी मे महिन्यातील पहिल्या हुकमाने बाथ पक्षाच्या वरच्या श्रेणीतील सदस्यांना सरकारी नोकरीतून काढले, तर दुसऱ्या हुकमाने इराकी सैन्य बरखास्त केले. शस्त्र चालवण्याचे शिक्षण घेतलेली काही लाख माणसे एका कागदाच्या फटकाऱ्याने बेकार झाली. शाळा, कचेऱ्या आणि रुग्णालये ज्यांच्या अनुभवावर चालत, त्यांतील अनेकजण घरी बसले.

समाजात विखुरलेले व्यवहारज्ञान कोणत्याही मध्यवर्ती नियोजकाच्या हाती एकवटत नाही, हा हायेक यांचा सिद्धांत उजवे अर्थशास्त्री नियोजनवाद्यांना वर्षानुवर्षे ऐकवत आले. स्वदेशात भाववाढ रोखण्याइतकेही शहाणपण ज्या सरकारपाशी असल्याचे त्यांना मान्य नव्हते, ते सरकार परभाषिक, परधर्मीय समाजाची घडी नव्याने बसवील, असा विश्वास त्यांना कसा वाटला? उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा प्रकार होता.

त्याची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. बरखास्त सैन्यातील काही अधिकारी पुढे ‘इस्लामिक स्टेट’च्या लष्करी फळीत दिसले. या संघटनेने जून २०१४ मध्ये मोसुल घेतले आणि पुढच्याच महिन्यात तेथील ख्रिस्ती रहिवाशांना धर्मांतर, जिझिया, देशत्याग किंवा मृत्यू यांतून निवड करण्याचे फर्मान काढले. जगातील अतिप्राचीन ख्रिस्ती समाजांपैकी एक असा देशोधडीला लागला. पाश्चात्त्य ख्रिस्ती संस्कृतीच्या रक्षणाची भाषा करणाऱ्यांच्या युद्धाचा हा परिपाक होय.

ऋण काढून सण

आर्थिक बाजूही परंपरावादाला शोभणारी नव्हती. अध्यक्षांचे आर्थिक सल्लागार लॉरेन्स लिंडसे यांनी २००२ मध्ये युद्धाचा खर्च १० ते २० हजार कोटी डॉलर होईल असे म्हटले, तेव्हा तो आकडा अतिरंजित म्हणून झटकला गेला, आणि वर्षअखेरीस लिंडसे यांनाही पद सोडावे लागले. जोसेफ स्टिग्लिट्झ आणि लिंडा बिल्म्स यांनी २००८ मध्ये मांडलेला हिशेब ३ लाख कोटी डॉलरचा होता. जखमी सैनिकांची आयुष्यभराची शुश्रूषा आणि कर्जावरील व्याज त्यात धरले आहे. या आकड्यावर मतभेद होऊ शकतात. परंतु २००१ मध्ये कर कमी केलेले असताना युद्ध सुरू झाल्यावर २००३ मध्ये पुन्हा करकपात झाली, हे निर्विवाद आहे. पूर्वीच्या मोठ्या युद्धांत नागरिकांवर वाढीव कर बसत आणि युद्धाची झळ प्रत्येक घराला लागे. कर्जावर लढलेल्या युद्धात ती झळ पुढच्या पिढीकडे ढकलली जाते. पूर्वजांचे आणि वंशजांचे ऋण मानणाऱ्यांनी वंशजांनाच ऋणको करावे, यापरती विसंगती कोणती?

संस्कृतिसंघर्षाचे प्रमेय

या धोरणाच्या समर्थनार्थ सॅम्युअल हंटिंग्टन यांचे नाव सर्रास घेतले जाते. त्यांचा संस्कृतिसंघर्षावरील निबंध १९९३ मध्ये आणि ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृतींच्या सीमारेषांवर संघर्ष पेटतील हे त्यांचे भाकीत सर्वांना पाठ आहे. त्यावरचा उतारा मात्र फारसा कोणी वाचत नाही. पाश्चात्त्य मूल्ये सर्व जगाने स्वीकारावीत हा आग्रह त्यांना चुकीचा, अनैतिक आणि धोकादायक वाटत होता. इतर संस्कृतींच्या अंतर्गत कलहात प्रबळ राष्ट्रांनी हात घालू नये, असा त्यांचा स्पष्ट सल्ला होता. त्यांची सर्व मांडणी मान्य करण्याचे कारण नाही. एकेका संस्कृतीच्या पोटात किती मतभेद असतात, हे इराकमधील शिया-सुन्नी रक्तपाताने दाखवून दिले आहे. पण त्यांच्या नावावर आक्रमणाचे बिल फाडणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

संयमाची मर्यादा

संयम हे प्रत्येक रोगावरचे औषध आहे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. म्युनिकमध्ये १९३८ साली हिटलरपुढे नमते घेणारे चेंबरलेन हुजूर पक्षाचे होते, आणि तो करार म्हणजे पराभव आहे असे ठणकावणारे चर्चिलही त्याच पक्षाचे. इतिहासाने कौल चर्चिल यांना दिला. परंतु चालून आलेल्या शत्रूचा प्रतिकार करणे वेगळे आणि त्याच्या समाजाची पुनर्रचना करायला निघणे वेगळे. थोरल्या बुश यांनी १९९१ मध्ये कुवेत मुक्त केला आणि बगदादकडे कूच न करता सैन्य थांबवले. तेव्हा अनेकांनी त्यांना कचखाऊ म्हटले. बारा वर्षांनी त्या थांबण्यामागचे शहाणपण उमगले.

भारताने हाच विवेक दाखवला. परंपरेचा अभिमान बाळगणारे वाजपेयी सरकार सत्तेवर असताना संसदेने एप्रिल २००३ मध्ये इराकवरील हल्ल्याची निंदा केली, आणि अमेरिकेचा आग्रह असूनही जुलैमध्ये सरकारने सैन्य पाठवण्यास नकार दिला. त्या नकाराने भारत दुबळा ठरला नाही. अनेक घरांतील मुले मात्र वाचली.

‘नॅशनल रिव्ह्यू’चे संस्थापक विल्यम बकली यांनी इराकमधील उद्दिष्ट फसल्याची कबुली २००६ मध्ये दिली. पुढे वीस वर्षांच्या अफगाण मोहिमेची अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानच्या पुनरागमनाने झाली. दहशतवादाशी लढावेच लागेल. त्यासाठी पोलीस, गुप्तवार्ता आणि प्रसंगी सैन्यही लागेल. पण शत्रूला नामोहरम करण्याची शक्ती अंगी आहे म्हणून त्याच्या देशाचे घर नव्याने बांधण्याचे ज्ञानही आपल्यापाशी आहे, असे समजणे हा अहंकार आहे. या अहंकाराला आवर घालणे हेच परंपरावादाचे मूळ काम. हणमंतरावाला आपल्या अंगणात त्याच्या रीतीने राहू देणाऱ्या बर्कला ते उमगले होते. त्याच्या वारसदारांना ते पुन्हा शिकावे लागणार आहे. मात्र या शिक्षणाचे शुल्क इराकमधील आणि अफगाणिस्तानातील सामान्य माणसांनी आधीच भरले आहे.