गाडीच्या दिव्यात प्रोजेक्टर बसवताना: भिंगाचा धडा घरच्या अंगणात



पौषात त्र्यंबक रोडने रात्री गाडी चालवली असेल, तर हे तुम्हाला लगेच पटेल. निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या याच रस्त्याने जातात. अंधार पडला तरी मागे राहिलेले दोन-चार जण कडेने चालतच असतात. चैत्रात गडावर पायी जाणाऱ्या भाविकांमुळे वणीच्या रस्त्याची तीच गत. हंगामात मागे लाल दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली कधी समोर येईल, सांगता येत नाही. अशा रस्त्यावर आपल्या दिव्याचा उजेड नेमका कुठे पडतो, हा काही हौसेचा प्रश्न राहत नाही.

माझ्या जुन्या गाडीचे दिवे अगदी पिवळट झाले होते. मी आधी सगळे करतात तेच केलं. दुकानात जाऊन हॅलोजन बल्ब काढला आणि त्याच जागी पांढराशुभ्र एलईडी बल्ब बसवला. लख्ख उजेड! मी खूश. आठवडाभराने शाळेतले एक सहकारी म्हणाले, "काल रात्री समोरून आलात ती तुमचीच गाडी होती ना? सर, मला रस्ताच दिसेना. स्कूटर कडेला घेऊन थांबलो." त्या वेळी त्यांच्या मागे त्यांची मुलगी बसलेली होती. दुसऱ्या दिवशी मी ते बल्ब काढले आणि मग हा विषय नीट समजून घ्यायला बसलो.

चूक काय झाली होती? साध्या दिव्यात मागे अंतर्वक्र आरसा असतो आणि बल्बची तार त्याच्या नाभीजवळ असते. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत एच-४ बल्ब असतो, ६०/५५ वॅटचा. त्यात दोन तारा असतात. खालच्या झोताच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे आरशाचा फक्त वरचा भाग वापरला जातो आणि झोत रस्त्याकडे झुकतो. म्हणजे आरसा त्या तारेच्या जागेसाठी, मिलिमीटरच्या हिशेबाने बनवलेला असतो. तिथे वेगळ्या आकाराची एलईडी चिप आली की हिशेब बिघडतो आणि प्रकाश वरही पसरतो. उजेड वाढला, पण निम्मा समोरच्याच्या डोळ्यांत गेला.

प्रोजेक्टरची रचना वेगळी. त्यात आरसा लंबवर्तुळाकार असतो. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीपाशी बल्ब ठेवला की आरशावरून परतलेला प्रकाश दुसऱ्या नाभीपाशी गोळा होतो. तिथेच एक पातळ धातूची पट्टी उभी असते आणि तिच्या पुढे जाड बहिर्वक्र भिंग. भिंगाची नाभी बरोबर त्या पट्टीवर येते. त्यामुळे भिंग पट्टीच्या कडेची प्रतिमा दूर रस्त्यावर टाकतं, आणि ही प्रतिमा उलटी असते. पट्टी खालचा भाग अडवते, पण अंधार पडतो वर! भिंतीवर बघितलं तर सुरीने कापल्यासारखी रेषा दिसते, खाली उजेड आणि वर काळोख. त्या रेषेच्या काठावर निळसर-जांभळी किनार दिसते. तेच आपलं प्रकाशाचं अपस्करण. दहावीच्या मुलांना प्रिझमपेक्षा ही किनार जास्त लक्षात राहते, हा माझा अनुभव.

वर्गात दाखवायचं तर गाडीची गरज नाही. टॉर्च, हातातलं भिंग आणि पोस्टकार्ड एवढं पुरे. कार्ड भिंगाच्या नाभीच्या किंचित पलीकडे धरा आणि खोलीत अंधार करून समोरच्या भिंतीवर कडेची प्रतिमा स्पष्ट होईपर्यंत पुढे-मागे करा. आता मुलांना एक कोडं घाला. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डावी कड, म्हणजे पायी चालणारे, थोडे लांबपर्यंत दिसायला हवेत. उजवीकडून समोरची गाडी येते, तिथे रेषा खालीच हवी. मग कार्डाला खाच कोणत्या बाजूला कापायची? बहुतेक मुलं डावीकडे म्हणतात. कापून बघू द्या. प्रतिमा फक्त खाली-वर नाही, डावी-उजवीही उलटते, त्यामुळे खाच उजवीकडे कापावी लागते.

हे कोडं बाजारातही कामाला येतं. अमेरिका आणि युरोपातल्या बहुतेक देशांत गाड्या उजवीकडून चालतात. तिथल्या प्रोजेक्टरची रेषा उजवीकडे वर चढते. तसा नग स्वस्तात मिळाला म्हणून आपण बसवला, तर सगळा जोर थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर. म्हणून विकत घेताना भिंतीवर झोत पाडून दाखवायला सांगा. रेषेची पायरी डावीकडे चढली पाहिजे. दुकानदार "सगळे सारखेच असतात" म्हणाला, तर दुसरं दुकान बघा.

आता प्रत्यक्ष काम. खरं सांगायचं तर हे सुट्टीतले दोन दिवस खातं. बॅटरीची ऋण तार आधी सोडवायची. बंपर सैल करून दिवा बाहेर काढायचा, बल्ब, स्क्रू आणि क्लिपा काढायच्या. पुढची पारदर्शक काच (ती पॉलिकार्बोनेट प्लास्टिकची असते) ब्युटाइल नावाच्या चिकट रबराने बसवलेली असते. ओव्हनमध्ये साधारण ९० ते १०० अंशांवर दहा मिनिटं गरम केल्यावर ते मऊ पडतं आणि काच हळूहळू सुटते. ओव्हन म्हणजे ओव्हनच, मायक्रोवेव्ह नव्हे. आणि स्वयंपाकाचा तर नकोच, घरात वाद नकोत! काही कंपन्या न सुटणारा कडक गोंद वापरतात. तसा दिवा उघडायला गेलात तर तुटेल, तो नाद सोडा.

अडीच इंची प्रोजेक्टरचा मागचा आट्यांचा भाग एच-४ च्या भोकातून घालून मागून नट आवळतात. नट पूर्ण आवळण्याआधी दिवा गाडीला लावून रेषा आडवी आहे का बघायचं. हे विसरलात तर काच पुन्हा उघडावी लागते. मी विसरलो होतो. जोडताना जुना ब्युटाइल पूर्ण काढून नवा भरायचा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आत बाष्प दिसतं.

वायरिंगमध्ये काटकसर नको. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर. जुन्या बारीक तारांत आणि बटणात यातलं एखादं व्होल्ट सहज हरवतं. हॅलोजनचा उजेड विभवांतरापेक्षा कितीतरी वेगाने घटतो; १३ व्होल्टचे १२ झाले तर उजेड जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी होतो. म्हणून बॅटरीपासून फ्यूज आणि रिले लावून सरळ जाड तार आणायची. झेनॉनचा सेट घेणार असाल तर घरी हात घालू नका. सुरू होताना त्यात २० हजार व्होल्टच्या आसपासचा झटका असतो. मुलं शेजारी उभी असताना तर नाहीच.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र शेवटी, आणि तेच बहुतेक जण टाळतात: झोत लावणं. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा आणि रेषा त्याच्या १० सेंटिमीटर खाली आणा. आता समरूप त्रिकोण. १० मीटरला १० सेंटिमीटर उतार, तर ६५ सेंटिमीटर उंचीवरचा दिवा ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर. ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद धरला तर ३३ मीटर तिथेच संपले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे ४१. एकूण ७४. म्हणजे नव्या कोऱ्या प्रोजेक्टरनेही खालच्या झोतात ८० चा वेग जास्तच होतो. ६० ला हेच अंतर ४८ मीटर येतं. हे गणित मी नववी-दहावीला फळ्यावर करून घेतो, आणि घरी जाऊन मुलं ते वडिलांना ऐकवतात.

आणखी एक. मागे तिघं बसले, डिकीत सामान भरलं आणि मागची बाजू ४ सेंटिमीटर खाली गेली, तर २४० सेंटिमीटर चाकांतराच्या गाडीत नाक दीड टक्क्याहून जास्त वर होतं. आपण दिलेला उतार होता एक टक्का. म्हणजे झोत आकाशाकडे! यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं. ते कशासाठी आहे हे मी एका पालकसभेत विचारलं, तेव्हा फारच थोडे हात वर झाले.

कायद्याचंही बघून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम समोरच्याचे डोळे दिपू नयेत यासाठीच आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. वॉरंटीतली गाडी असेल तर दिवा उघडूच नका.

आणि खरं तर त्याच्याही आधी तीन स्वस्त गोष्टी करा: काच पॉलिश, रिले, आणि भिंतीवर झोत लावणं. माझ्या एका शेजाऱ्यांच्या गाडीचं काम एवढ्यावरच भागलं. प्रोजेक्टरचे पैसे वाचले, त्यातून त्यांनी मुलाला मल्टिमीटर घेऊन दिला. आता तो सोसायटीतल्या सगळ्यांच्या बॅटऱ्या तपासत फिरतो.