दोन किलोमीटरची ट्राम

नेदरलँड्समधल्या हाउटनच्या स्टेशनाखालचा सायकलतळ या आठवड्यात पाहायचा, असे ठरले होते. तो एक आठवडा थांबेल. मध्येच तळोज्याहून एका वाचक बाईंचे पत्र आले आणि त्यातला प्रश्न असा आहे की, त्याला ओलांडून पुढे जाणे बरे नव्हे.

मागच्या हप्त्यातला हाउटनचा रिंगरोड त्यांना पटला. शेजारच्या वसाहतीत जायलाही मोटारीला गावाबाहेरून वळसा घालावा लागतो आणि सायकल मात्र मधून सरळ निघते, यात त्यांना काही अडचण दिसली नाही. त्यांचे विचारणे त्याच्या आधीचे आहे. वसाहत अर्धी बांधून झालेली, रस्त्यावर खडीचे ढीग, स्टेशन अजून कागदावर; अशा वेळी जी कुटुंबे तिथे राहायला आली, ती पहिल्या दिवशी कामावर गेली कशी?

प्रश्नामागे त्यांची स्वतःची हकिकत आहे. घराची चावी मिळाली तेव्हा समोर मेट्रोचे नुसते खांब उभे होते. पहिले काही महिने शेअर रिक्षा. तीन माणसे भरल्याशिवाय ती हलत नसे आणि रात्री नऊनंतर मिळेलच याचा भरवसा नसे. मग हप्त्यावर स्कूटर आली. मूल झाल्यावर हप्त्यावर मोटार आली. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली, ११ किलोमीटर, ११ स्थानके, त्यातले एक त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर. पहिल्या रविवारी सगळे घर मेट्रोत बसून आले, मुलाने खिडकी सोडली नाही. सोमवारी सकाळी मात्र नवऱ्याने नेहमीप्रमाणे मोटारीची किल्ली उचलली.

आता हाउटन. १९७०च्या दशकात उत्रेख्तजवळचे काही हजार वस्तीचे हे खेडे आज ५० हजारांच्या घरात आहे. पहिल्या टप्प्यात फारसा प्रश्न आला नाही. १९८२ साली नवे स्टेशन उघडले आणि गाव त्याच्याभोवती वाढले. खरी परीक्षा झाली दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे १९९०च्या दशकात दक्षिणेकडे आणखी हजारो घरे बांधायचे ठरले तेव्हा. त्या भागासाठी कास्टेलम नावाचे दुसरे स्टेशन नकाशात होते. पण उत्रेख्तहून दक्षिणेकडे जाणाऱ्या त्या मार्गावर रूळ दोनच, आणि त्यांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या धडाधड धावणाऱ्या. तिथे आणखी एक थांबा वाढवायचा, तर आधी दोनाचे चार रूळ हवेत. त्याला वर्षे लागणार, हे उघड होते.

घरे तर तोवर थांबणार नव्हती.

तेव्हा २००१च्या जानेवारीत तिथे एक ट्राम सुरू झाली. जुन्या हाउटन स्टेशनापासून भावी कास्टेलमच्या जागेपर्यंत, जेमतेम दोन किलोमीटर. रेल्वेला खेटून एकेरी रूळ टाकला. गाड्या नव्या नव्हत्या. जर्मनीतल्या हानोव्हर शहराने वापरलेल्या, दुसऱ्या हातच्या. ट्राम या टोकाहून त्या टोकाला जाई, तीच परत येई. तिचे काम एकच: दक्षिणेकडच्या माणसाला उत्रेख्तच्या गाडीपर्यंत आणून सोडणे. २००८च्या डिसेंबरात ती बंद झाली आणि २०१०च्या डिसेंबरात कास्टेलम स्टेशन उघडले.

हाउटनला भेट देणारे नगररचनाकार रिंगरोडचे आणि तांबड्या सायकलवाटांचे फोटो काढतात. ट्रामचा फोटो आता कोणी काढू शकत नाही, म्हणून तिच्याबद्दल बोललेही जात नाही. पण त्या गावाने केलेल्या सगळ्या शहाणपणाच्या गोष्टींत ही दोन किलोमीटरची, आठ वर्षांची, बंद पडणार हे माहीत असूनच सुरू केलेली ट्राम पहिल्या रांगेत बसावी. जी वाहतूक उद्या येणार आहे तिची जागा आज रिकामी ठेवली नाही, एवढेच तिने केले. रिकामी जागा राहिली असती तर ती मोटारीने घेतली असती.

हे नुसते मत नव्हे. बास फरप्लांकन हे ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सवयींचा अभ्यास करतात. त्यांनी डेबोरा रॉय यांच्यासह पीटरबरो शहरात ८०० जणांवर केलेला प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. निम्मे लोक नुकतेच घर बदललेले, निम्मे जुन्याच घरात राहणारे. दोन्ही गटांतल्या काहींना पर्यावरणाला जपणाऱ्या वागणुकीसाठी सारखीच मदत देण्यात आली. घर बदललेल्यांवर तिचा परिणाम अधिक झाला. पण तोही घर बदलल्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतच. त्यानंतर नवे घर जुने होते आणि माणूस पुन्हा सवयीच्या हाती जातो.

तीन महिने! तळोज्याच्या पत्रातली शेअर रिक्षा जवळपास तेवढीच टिकली होती.

जर्मनीतल्या फ्रायबुर्गने हेच ट्रामच्या बाबतीत आणखी ठामपणे केले. रीझेलफेल्ड ही तिथली नवी वसाहत दहा-बारा हजार माणसांसाठी आखलेली. ट्राम तिथे पोचली १९९७ साली, तेव्हा बहुतेक प्लॉटवर अजून माती होती. सुरुवातीची काही वर्षे डबे बरेचसे रिकामे धावले असणार. कोणत्याही परिवहन समितीच्या बैठकीत असा रिकामा डबा म्हणजे तोट्याचा आकडा. पण त्यानंतर राहायला येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने घर पाहायला आल्याच दिवशी दारातला थांबा पाहिला, आणि मोटार घ्यायची की नाही, दुसरी घ्यायची की नाही, हा हिशेब तो थांबा धरून केला.

नवी मुंबईने हा हिशेब उलटा कसा केला, हे तिच्या जन्मकथेतच आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. आराखड्यात वाशी, नेरूळ, बेलापूर ही उपनगरे जलद वाहतुकीच्या दोरीत मणी ओवावेत तशी होती. मणी आले, दोरी मागे राहिली. वाशीला लोकल पोचली १९९२ साली. मधली दोन दशके लोक खाडीपुलावरून बसने गेले आणि ज्यांना बस नकोशी झाली आणि ऐपत होती, त्यांनी गाडी घेतली. पुढे मानखुर्द–बेलापूर मार्गाच्या खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, ही मोठीच गोष्ट होती. भारतात नगरविकास महामंडळाने रेल्वेसाठी असे पैसे मोजल्याची उदाहरणे थोडी. त्या लोकलशिवाय आजच्या नवी मुंबईची कल्पना करता येत नाही. तरीही १९७५ साली वाशीत राहायला आलेल्या माणसाला तिचा उपयोग नव्हता. ती येईपर्यंत त्याची मुले कॉलेजात पोचली होती.

खारघर-तळोज्यात तीच गोष्ट पुन्हा घडली. मेट्रोचे काम २०११ साली सुरू झाले. बारा वर्षे.

या बारा वर्षांत बाकीच्या व्यवस्था मात्र हजर होत्या. नव्या संकुलात फ्लॅटच्या कागदपत्रांबरोबर पार्किंगचा नंबर मिळतो, तळमजल्याच्या खांबावर पिवळ्या रंगात लिहिलेला. किती घरांमागे किती पार्किंग हवे, ते नियमावलीत ठरलेले असते; त्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. किती घरांमागे किती बस हव्यात, हे त्या नियमावलीत लिहिलेले नाही. सायकली असतात, त्या जिन्याखाली. मुलाच्या वाढदिवसाची, मागच्या चाकातली हवा गेलेली, हँडलला कुणीतरी कापडी पिशवी अडकवलेली. स्टेशन दोन किलोमीटरवर असेल तर सायकलने आठ-दहा मिनिटांचा रस्ता. पण ज्या महिन्यात कुटुंब नवा रस्ता शिकत असते, त्या महिन्यात तो रस्ता खोदलेला आणि ट्रकने भरलेला असतो.

ट्राम टाकणे आपल्याकडे सोपे नाही, हे मान्य. पण हाउटनची युक्ती रुळांत नव्हती. भोगवटा प्रमाणपत्र मिळते त्या दिवसापासून संकुलाच्या फाटकातून जवळच्या स्टेशनापर्यंत दर दहा मिनिटांनी बस, सकाळी सहा ते रात्री बारा, रिकामी धावली तरी धावणारी, एवढे करता येण्यासारखे आहे. पैसा कुठून, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे निम्मे उत्तर नोंदणी कार्यालयात सापडते. मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपुरात घरखरेदीच्या मुद्रांक शुल्काबरोबर एप्रिल २०२२पासून घराच्या किमतीच्या १ टक्का मेट्रो अधिभार आहे. ५० लाखांच्या घरावर ५० हजार रुपये. ते घर घेणारा माणूस मेट्रोसाठीचे पैसे कुलूप उघडण्याआधीच भरतो, त्याच्या बाजूला मेट्रो केव्हा येईल ते पुढे ठरते. या रकमेतला काही भाग मेट्रो येईपर्यंतच्या बससाठी बांधून ठेवावा. शंभर कुटुंबांचे हे पैसे एकत्र केले, तर ते ५० लाख होतात, आणि एका मोठ्या संकुलात अशी कुटुंबे हजारात असतात.

बसच्या बाबतीत एक अट मात्र ट्रामकडून उसनी घ्यावी लागेल. रूळ दिसला की माणसाला खात्री वाटते, कारण रूळ कोणी रातोरात उचलून नेत नाही. बसचा मार्ग एका परिपत्रकाने बदलतो, थांब्याच्या खांबावर नंबर असतो पण वेळ नसते. तेव्हा पाच वर्षे हा मार्ग आणि ही वारंवारता बदलणार नाही, असे करारात लिहून ते थांब्यावर रंगवलेले असावे, पार्किंगचा नंबर खांबावर असतो तितके ठळक.

तळोज्याच्या बाईंनी पत्राच्या शेवटी कळवले आहे की, मुलगा आता क्लासला मेट्रोने जातो. त्याला मोटारीची सवय लागायच्या आत मेट्रो आली.

सायकलतळ पुढच्या आठवड्यात. तोवर ज्यांनी नव्या वसाहतीत घर घेतले आहे, त्यांनी दोन तारखा कळवाव्यात: चावी हातात आली ती, आणि फाटकाशी पहिली बस थांबली ती. बस अजून आलीच नसेल, तर दुसरी जागा कोरी ठेवावी.