चाँद बघण्याआधी दुर्बीण बघा

शाबानची २९ तारीख आली की लालबाग-परळच्या चाळींत एखाद्या घरी तरी कपाटाच्या वरच्या खणातून चामड्याची पेटी खाली उतरते. आत दुर्बीण असते. कुणाच्या नानांनी जहाजावर नोकरीला असताना आणलेली, कुणाच्या चाचांनी कुवेतहून, तर कुणी चोर बाजारात घासाघीस करून घेतलेली. मुले ती घेऊन गच्चीवर पळतात आणि पाच मिनिटांत तक्रारी सुरू होतात. धूसर दिसतेय, दोन-दोन दिसतेय, चाकच फिरत नाही. एवढ्यात चाँद मावळतोही. पहिल्या दिवसाचा चाँद सूर्यास्तानंतर फार तर तास-पाऊण तास क्षितिजाच्या वर असतो आणि त्यातला सुरुवातीचा वेळ उजेडातच जातो. दुर्बीण दुरुस्त करण्याची ती वेळ नव्हे.

म्हणून यंदा आम्ही ओळखीच्या घरांतल्या जुन्या दुर्बिणी आधीच खाली काढायला लावल्या. गिरगाव, दादर, परळ अशा घरांत बसून त्या पाहिल्या आणि फोर्टमधल्या कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यांकडेही चौकशी केली. खरोखर मोडलेल्या थोड्याच निघाल्या. बाकीच्यांना मुंबईच्या पावसाळ्याने, बंद कपाटाने आणि घरच्यांच्या प्रेमळ उपचारांनी आजारी पाडले होते.

दुर्बीण बिघडली तर चाँद दिसणार नाही, एवढाच प्रश्न असता तर फारसे बिघडले नसते. बिघडलेली दुर्बीण नसलेला चाँदही दाखवते. हजरत अनस बिन मालिक (रजि.) यांचा एक किस्सा जुन्या ग्रंथांत येतो. त्यांचे वय तेव्हा शंभरीच्या आसपास होते. लोक चाँद पाहायला जमले होते आणि इतर कुणाला दिसत नसताना त्यांना तो दिसला. बसऱ्याचे हुशार काझी इयास तिथे होते. त्यांनी पाहिले, की अनस यांच्या भुवईतला एक पांढरा केस वाकून डोळ्यासमोर आला आहे. त्यांनी अदबीने तो केस बाजूला सारला आणि आता चाँद कुठे आहे, असे विचारले. आता तो दिसत नव्हता.

दुर्बिणीत हे काम बुरशीचा एक धागा करतो. डोळ्याकडच्या भिंगाच्या आतल्या बाजूला, जिथे प्रतिमा तयार होते त्याच्या जवळ बारीक वाकडा तंतू असेल, तर तो आकाशाच्या पार्श्वभूमीवर चांगला स्पष्ट दिसतो. पडताळा सोपा आहे. दुर्बीण हळूच डावी-उजवीकडे हलवा. चाँद आकाशात असेल तर तो जागच्या जागी राहील आणि दुर्बिणीच्या गोलात सरकताना दिसेल. दुर्बिणीबरोबरच फिरू लागला तर तो चाँद नव्हे, कचरा आहे. साक्ष देण्यासाठी जामा मशिदीच्या हिलाल कमिटीकडे जाण्याआधी एवढे करायला अर्धा मिनिटही लागत नाही. दुर्बिणीतून दिसलेला चाँद ग्राह्य धरावा की नाही, यावर उलमांमध्ये चर्चा आहे. तो विषय त्यांचा. पुष्कळ लोक दुर्बिणीने जागा हेरतात आणि मग नुसत्या डोळ्यांनी पाहतात. त्यासाठीही भिंग स्वच्छच लागते.

आता तक्रारींकडे. "एका डोळ्याने धूसर दिसते" ही सर्वांत जास्त ऐकलेली तक्रार, आणि पुष्कळदा त्यात बिघाड नसतोच. बहुतेक दुर्बिणींत उजव्या डोळ्याकडचा भाग वेगळा फिरतो, कारण माणसाचे दोन्ही डोळे सारखे नसतात. उजवीकडचे पुढचे मोठे भिंग हाताने झाका आणि मधले चाक फिरवून डाव्या डोळ्याला लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावे झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. झाले. नानांच्या डोळ्यांना जुळवलेली कडी नातवाला जुळेल कशी? चष्मा लावणाऱ्यांनी डोळ्याकडच्या रबरी वाट्या मागे दुमडाव्यात, म्हणजे पूर्ण गोल दिसतो.

कडी जुळवूनही पांढुरके दिसत असेल तर बुरशीचा संशय घ्यावा. खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी मोठ्या भिंगातून आत मारा आणि किंचित तिरपे पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा बर्फाच्या फुलासारखी नक्षी दिसली, तर ती बुरशी आहे. तिचे बीज हवेत सगळीकडेच असते. तिला अंधार, कोंडलेली हवा, दमटपणा आणि खायला बोटांचा तेलकटपणा, धूळ किंवा आतले वंगण एवढे पुरते. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा तिला हवी तशीच असते, आणि चामड्याची पेटी म्हणजे तर तिचे घर. चामडे ओल धरून ठेवते. पेटी सुंदर असते, नानांचे नाव तिच्यावर कोरलेले असते, हे सगळे खरे. पेटी आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवा आणि दुर्बीण तिच्यातून बाहेर काढा.

ठेवायची कुठे? घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. रंग बदलणारे सिलिका जेल घेतले तर ते केव्हा संपले हे कळते. निळे दाणे ओल शोषून गुलाबी होतात, नारिंगी हिरवे होतात. मंद आचेवर तापवले की पुन्हा कोरडे होतात. मात्र निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा रोटीच्या तव्यावर हा उद्योग नको. स्वयंपाकात न वापरायचे एखादे जुने भांडे घ्या आणि मुलांना लांब ठेवा. डांबराच्या गोळ्या दुर्बिणीजवळ ठेवू नयेत, त्यांची वाफ काचेवर बसते. कडक उन्हात टाकणे हा उपायही लाडका आहे. त्याने आतले वंगण पातळ होऊन लोलकावर ओघळते आणि एका रोगाचे दोन होतात.

बुरशी कोवळी असेल तर कारागीर दुर्बीण उघडून ती पुसून काढतो आणि काच पूर्ववत होते. जुनी झाली की तिच्यातून सुटणारे आम्ल भिंगावरचा लेप खाते, मग काच. धागे निघतात, त्यांचे व्रण राहतात. दोन-तीन पावसाळे "पुढच्या ईदला बघू" म्हणत घालवले, की दुरुस्तीचा अर्थ उरत नाही.

दुसरा मोठा रोग म्हणजे एकाच्या दोन प्रतिमा. जुन्या, खांद्याला बाक असलेल्या दुर्बिणींत दोन्ही नळ्यांमध्ये काचेचे लोलक बसवलेले असतात. प्रकाश त्यांत वळसे घेतो आणि उलटी प्रतिमा सुलटी होते. ही रचना इग्नाझिओ पोरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये पेटंट केली, आणि आजही आपल्या घरांतल्या बऱ्याच दुर्बिणी त्याच बांध्याच्या आहेत. दुर्बीण एकदा जमिनीवर आदळली की लोलक केसभर सरकतो आणि दोन्ही नळ्या दोन दिशांना पाहू लागतात. डोळे ओढून-ताणून दोन प्रतिमा एक करतात, म्हणून वापरणाऱ्याला दोष कळतही नाही. फक्त कपाळ दुखते. घरातले कुणी दुर्बिणीने डोके दुखते म्हणत असेल, तर ते नखरे नव्हेत.

याचीही परीक्षा घरी होते. समोरच्या टॉवरच्या गच्चीचा आडवा कठडा पाहा आणि पाहता पाहता दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर दूर न्या. दोन गोल वेगळे दिसतील. कठड्याची रेघ दोन्ही गोलांत एकाच उंचीवर असेल तर ठीक. एकीकडे वर, एकीकडे खाली असेल तर दुर्बीण कारागिराकडे न्यायला हवी. काही दुर्बिणींत रबराच्या कातडीखाली बारीक स्क्रू असतात, तर काहींत पुढच्या भिंगाभोवती मध्य सरकवता येणाऱ्या कड्या. त्यांना घरी हात लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नुसते "साफ करायला" म्हणून पुढचे भिंग उघडले आणि कडी खूण न करता फिरवली, की चांगली दुर्बीणही दोन-दोन दाखवू लागते.

चाक फिरत नसेल तर कारण बहुधा वाळून डिंक झालेले ग्रीस असते. इथे शिलाई मशीनचे तेल आणि खोबरेल हे दोन घरगुती शत्रू भेटतात. तेल चाकात थांबत नाही. ते आत झिरपते आणि लोलकावर पसरते. जबरदस्तीने चाक फिरवले तर आटे जातात. जुने वंगण काढून नवे भरणे हे ज्याच्या हाताला सवय आहे त्याचे सोपे काम आहे.

बाहेरची काच पुसताना मात्र भीती नको, फक्त क्रम पाळावा. आधी हवेच्या रबरी फुग्याने धूळ उडवा, मग मऊ ब्रश फिरवा आणि शेवटी भिंग पुसायच्या कागदावर दोन थेंब लेन्स-क्लीनर घेऊन मधून कडेकडे पुसा. थेंब थेट काचेवर टाकू नका, तो फटीतून आत जातो. ओढणीचा पदर, शर्टाचे टोक, फुंकर मारताना उडालेली थुंकी यांनी किती भिंगे ओरखडली असतील याचा हिशेब नाही. चौपाटीवरून आल्यावर तर काचेवर वाळू असते आणि वाळू काचेलाही कापते. गार टॅक्सीतून उतरताच वाफ धरली तर पुसू नका, थोड्या वेळात ती स्वतःच जाते. वाफ आतल्या बाजूने धरत असेल आणि जात नसेल, तर आत पाणी शिरले आहे.

कारागिराकडे नेण्याचा निर्णय वस्तू पाहून घ्यावा. जहाजावरची जुनी ७×५०, म्हणजे सातपट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची दुर्बीण, मजबूत असते आणि संधिप्रकाशात भरपूर उजेड देते. तिच्यावर खर्च करावा. रस्त्यावर मिळणारी लाल-नारिंगी चकचकीत भिंगांची दुर्बीण मात्र सोडून द्यावी. तो लाल लेप शोभेचा असतो, तांबडा प्रकाश परत फेकतो आणि चित्र हिरवट-निळसर करतो. देताना "बिघडली आहे" एवढेच न सांगता कोणत्या नळीत, काय, कधीपासून हे सांगा, आणि उघडल्यावर दोन्ही नळ्या पुन्हा जुळवून देणार का, हे आधी विचारा. पुसून देणारे पुष्कळ आहेत, जुळवून देणारे थोडे.

अंतर मोजणारी लेसर यंत्रेही आता काही घरांत दिसतात. ती बंद पडली तर आधी बॅटरीची खोली उघडा. पत्र्यावर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर दोष तिथेच आहे. पावसाळ्याआधी बॅटरी काढून ठेवली तर ही वेळ येत नाही.

बुरशीला सर्वांत जास्त नावडते ते म्हणजे दुर्बिणीचा वापर. वर्षात एकदाच नव्हे, दर महिन्याला ती हवेत यावी. परळ-लालबागच्या मुलांना शिवडीची जेट्टी जवळ आहे. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत तिथल्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. आणि गिरगावातल्या खेतवाडीत तर सलीम अली लहानाचे मोठे झाले. १८९६ मध्ये जन्मलेला हा पोरका मुलगा मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढला. एअरगनने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून मामांनी त्याला ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवले. पुढे जन्मभर दुर्बीण त्याच्या सोबत राहिली.

आता खुद्द त्या संध्याकाळचे. गिरगाव चौपाटीवर गर्दी होते, पण तिथून पश्चिमेला मलबार हिल आडवी येते आणि चाँद खरा मावळण्याआधीच डोंगरामागे जातो. दादर चौपाटीवर पश्चिम अधिक मोकळी आहे. सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे रोखू नका. तिच्यातून दिसलेला सूर्य क्षणात डोळा कायमचा जाळू शकतो, आणि मुलांच्या हातात दुर्बीण देताना हे पहिल्यांदा सांगा. रिकाम्या आकाशावर फोकस जुळत नाही. म्हणून दिवसाउजेडी, सूर्याकडे पाठ करून, लांबच्या एखाद्या मनोऱ्याच्या टोकावर चाक जुळवा आणि चाकावर नेलपॉलिशचा बारीक ठिपका देऊन ठेवा. मगरिबनंतर अंधुक उजेडात चाक त्या ठिपक्यावर आणले, की फक्त शोधायचेच काम उरते.