७५ किलो, ३,९६५ यार्ड

एप्रिल २०२१. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल संघांची खेळाडू-निवड तोंडावर आलेली. इंडियानापोलिसला झालेल्या वैद्यकीय तपासणीत डेव्हॉन्टा स्मिथचं वजन भरलं १६६ पौंड, म्हणजे जेमतेम ७५ किलो. उंची सहा फूट. शंभर किलोंचे गडी धावत येऊन जिथे अंगावर आदळतात, त्या खेळात या आकड्याची चर्चा झाली नसती तरच नवल. ‘हा टिकेल का?’ हा प्रश्न आठवडाभर चघळला गेला. वास्तविक त्याच्या नावापुढे आणखी तीन आकडे होते. अलाबामा विद्यापीठाकडून चार मोसमांत २३५ झेल, ३,९६५ यार्ड आणि ४६ टचडाऊन. वजनकाटा कुणालाही वाचता येतो. हे तीन आकडे वाचायचे तर खेळ थोडा समजून घ्यावा लागतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर मैदानाच्या कडेला उभा राहतो. चेंडू खेळात आला की तो आधीच ठरलेल्या मार्गाने धावतो, आपल्यावर लक्ष ठेवणाऱ्या बचावपटूला हुलकावणी देतो आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलतो. अनेकदा तो वळून पाहायच्या आतच चेंडू हवेत असतो. झेल किती, त्यातून संघ किती यार्ड पुढे सरकला आणि किती वेळा चेंडू गोलरेषेपार गेला (टचडाऊन), या तीन गोष्टींची नोंद होते. बचावपटूला चकवून तो मोकळा झाला, पण क्वार्टरबॅकने पाहिलंच नाही, तर त्या धावेची नोंद कुठेच होत नाही. क्रिकेटमधल्या फलंदाजाला निदान चेंडू तरी खेळायला मिळतो. रिसीव्हरला तोही दुसऱ्याने द्यावा लागतो. त्यामुळे त्याच्या आकड्यांत त्याचे सहकारी, प्रशिक्षक आणि शेजारी उभे असलेले प्रतिस्पर्धीही दडलेले असतात.

स्मिथची चार वर्षं ओळीने मांडली की हे लख्ख दिसतं. लुईझियानातल्या अमाइट या छोट्या गावातून आलेल्या या पोराने २०१७ च्या पहिल्या मोसमात अवघे आठ झेल घेतले. पुढच्या वर्षी ४२, मग ६८ आणि २०२० मध्ये थेट ११७. चौथ्या वर्षी त्याच्या हातांना अचानक गोंद लागला, असं काही झालं नव्हतं. त्याच्याच वर्गात जेरी ज्यूडी आणि हेन्री रग्ज होते, वर्षभराने जेलेन वॉडल आला. चौघेही पुढे व्यावसायिक निवडीच्या पहिल्याच फेरीत उचलले गेले. एका चेंडूवर असे चार वाटेकरी! २०२० मध्ये ज्यूडी आणि रग्ज व्यावसायिक संघांत गेले. स्मिथलाही जाता आलं असतं, पण तो थांबला. त्या ऑक्टोबरमध्ये टेनेसीविरुद्ध पहिल्याच किकऑफवर वॉडलचा घोटा मोडला आणि सगळा भार स्मिथवर आला.

पहिल्या वर्षीच्या त्या आठ झेलांपैकी एक मात्र अलाबामात कुणी विसरणार नाही. ८ जानेवारी २०१८, अटलांटा, राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना, समोर जॉर्जिया. मध्यंतराला अलाबामा ०–१३ ने मागे. प्रशिक्षक निक सेबन यांनी नेहमीचा क्वार्टरबॅक जेलेन हर्ट्‌सला बसवून टुआ टागोवाइलोआ या नवख्या पोराला उतरवलं. सामना जादा वेळेत गेला, जॉर्जिया तीन गुणांनी पुढे झाली, आणि अलाबामाच्या पहिल्याच चालीत टुआ १६ यार्ड मागे पाडला गेला. पुढच्या चालीत त्याने डावीकडे लांब चेंडू भिरकावला. स्मिथने तो झेलला, ४१ यार्डांचा टचडाऊन, सामना २६–२३. मोसमाच्या तक्त्यात ही कामगिरी ‘एक झेल’ एवढीच जागा घेते.

सरासरी तर आणखी फसवी. पहिल्या वर्षी दर झेलामागे २० यार्ड, २०१९ मध्ये साडेअठरा आणि सर्वोत्तम ठरलेल्या २०२० मध्ये सोळाच्याही खाली. खेळ घसरला म्हणावं का? अजिबात नाही. क्वार्टरबॅक मॅक जोन्स आणि आक्रमणाचे सूत्रधार स्टीव्ह सार्किसियन आता लांब पल्ल्याच्या चेंडूंबरोबर आखूड, बिनधोक चेंडूही त्यालाच देत होते. चाल सुरू होण्याआधी त्याला आडवं धावायला लावत, म्हणजे दांडग्या बचावपटूला त्याच्यावर हात टाकायला सवडच मिळू नये. ७५ किलोंवरचा हा साधा तोडगा होता. झेल वाढले की सरासरी उतरते. उतरलं नाही ते टचडाऊनचं प्रमाण: २०१९ मध्ये आणि २०२० मध्येही साधारण दर पाच झेलांना एक. झेल एवढे वाढूनही धार तशीच राहिली. या लेखाला विचाराल, तर त्याच्या सगळ्या आकड्यांत बोलका आकडा हाच.

काही सामने तर वेगळेच. सप्टेंबर २०१९ मध्ये ओल मिसविरुद्ध ११ झेल, २७४ यार्ड, पाच टचडाऊन. डिसेंबर २०२० मध्ये गावाजवळच्याच लुईझियाना स्टेट विद्यापीठाविरुद्ध २३१ यार्ड. अलाबामा ज्या गटात खेळते, त्या साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये कारकिर्दीत ३१ टचडाऊन हा अमारी कूपर आणि ख्रिस डोअरिंग यांचा विक्रम होता. स्मिथने तो ४६ वर नेला.

जुन्या खेळाडूंशी तुलना करताना मात्र जपून. मोसमाअखेरीच्या ‘बोल’ सामन्यांचे आकडे अधिकृत नोंदीत धरायला सुरुवात झाली ती २००२ पासून, त्यामुळे आधीच्यांची बेरीज थोडी तोकडीच दिसते. उलट २०२० मध्ये कोविडमुळे अलाबामाने नियमित मोसमातले दहाही सामने स्वतःच्या कॉन्फरन्समधल्या संघांशीच खेळले. दुबळ्या पाहुण्या संघांवर आकडे फुगवून घ्यायची सोय नव्हती.

१९३५ पासून सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक बहुतेकदा क्वार्टरबॅक नाहीतर चेंडू घेऊन पळणारे रनिंग बॅक नेतात. १९९१ च्या डेस्मंड हॉवर्डनंतर तो रिसीव्हरला मिळाला २०२० मध्ये, स्मिथला. मतदानात त्याला १,८५६ गुण पडले. मतदान आटोपलं तेव्हा त्याचे यार्ड होते १,५११. नंतरच्या दोन सामन्यांत ३४५ यार्डांची भर पडली आणि मोसमाची बेरीज झाली तीही नेमकी १,८५६! निव्वळ योगायोग, पण आकडेवेड्यांची चंगळ.

त्यातला शेवटचा सामना ओहायो स्टेटविरुद्धचा. पूर्वार्धातच १२ झेल, २१५ यार्ड, तीन टचडाऊन. तिसऱ्या सत्राच्या सुरुवातीला हाताला दुखापत होऊन तो बाहेर गेला, तेव्हा सामन्याचा निकाल लागल्यातच जमा होता. अलाबामाने तो ५२–२४ असा जिंकला.

निवडीत रिसीव्हर जमार चेस पाचवा, वॉडल सहावा आणि स्मिथ दहावा गेला. त्याला घेणाऱ्या फिलाडेल्फिया ईगल्सचा क्वार्टरबॅक होता अटलांटात मध्यंतराला बसवलेला तोच जेलेन हर्ट्‌स. पहिल्या मोसमात स्मिथने ९१६ यार्ड काढले. २०२२ मध्ये ईगल्सनी ए. जे. ब्राउन हा आणखी एक तगडा रिसीव्हर आणला, म्हणजे चेंडूला पुन्हा वाटेकरी आला. त्या मोसमात ब्राउनचे यार्ड झाले १,४९६ आणि स्मिथचे १,१९६.