काडतुसाच्या खोक्यावरचे आकडे

म्युनिकमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. जुलै सरत आला की त्यांचं घरात लक्ष लागत नाही. १ ऑगस्टला नर तांबड्या हरणाच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि त्यांची पावलं आल्प्सकडे वळतात. एका रविवारी त्यांनी मला कॉफीला बोलावलं आणि टेबलावर काडतुसांची चार खोकी मांडून विचारलं, "सांगा बघू, यातलं कुठलं नेऊ?" चारही खोक्यांवर ठळक अक्षरांत ७×६४ असंच छापलेलं. मग निवडायचं काय, हेच मला कळेना.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर वाढलेल्या आपल्या पिढीने शिकार पाहिली ती जुन्या संस्थानिकांच्या फोटोंत. इथे ती चालते, पण परीक्षा देऊन. लेखी, तोंडी आणि नेमबाजी अशा तिन्हींत पास व्हावं लागतं. इथली मंडळी या परीक्षेला गमतीने 'हिरवं आबिटुर' म्हणतात, म्हणजे हिरवी बारावी. किती हरणं मारायची तेही आधी ठरलेलं असतं. हरणांनी कोवळी रोपं खाल्ली की उतारावरचं जंगल नव्याने उभं राहत नाही, आणि तेच जंगल खालच्या गावांना हिमस्खलनापासून आडोसा देतं.

नावांचा एक घोळ आधी मिटवू. अमेरिकन माणूस 'एल्क' म्हणतो ते वापिटी, तांबड्या हरणाचं थोरलं भावंड. वापिटीचा नर तीनशे किलोंच्या वर सहज जातो. जर्मन 'एल्श' म्हणजे मात्र मूस. तो अधूनमधून पोलंडकडून ब्रांडेनबुर्गात शिरतो, पण त्याला मोसमच नाही, त्यामुळे वर्षभर अभय. आल्प्समध्ये शिकार होते ती तांबड्या हरणाची, आपल्या काश्मिरी हंगुलच्या गोतावळ्यातल्या प्राण्याची. म्हणून अमेरिकन पुस्तकातला सल्ला जसाच्या तसा इथे आणला तर काडतूस गरजेपेक्षा दांडगं निघतं.

आता खोकं. ७×६४ मधला सात म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास मिलिमीटरमध्ये, तोही ठोकळमानाने. चौसष्ट म्हणजे पितळी पुंगळीची लांबी. पुंगळीच्या बुडाला टोपी, पोटात दारू, तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपी फुटते, दारू पेटते आणि वायू गोळीला पुढे रेटतो. नळीला आतून पिळाचे आटे असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत जाते आणि वाटेत कोलांट्या खात नाही.

हे काडतूस विल्हेल्म ब्रेनेके यांनी १९१७ मध्ये आणलं. त्याच्या आगेमागे मोठं कुटुंब आहे. १८८८ च्या लष्करी काडतुसातून आलेलं ८×५७ आहे, बर्लिनच्या ओटो बोक यांचं १९०५ चं ९.३×६२ आहे, अमेरिकेचं १९०६ चं .३०-०६ आणि १९५२ चं .३०८ विंचेस्टर आहे. शिकाऱ्यांच्या बैठकीत यांवरून जे वाद झडतात, ते आपल्याकडच्या मिसळीच्या वादांइतकेच न सुटणारे. कायद्याला मात्र नावाशी कर्तव्य नाही. तांबड्या हरणासाठी व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर पोचताना गोळीची ऊर्जा किमान २००० ज्यूल, एवढंच तो मागतो. चिमुकल्या रो हरणासाठी १००० ज्यूल पुरतात.

ऊर्जेचं गणित शाळेतलंच आहे: वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. समजा १०.५ ग्रॅमची गोळी १०० मीटरवर सेकंदाला ७८० मीटर वेगाने पोचली, तर सुमारे ३२०० ज्यूल होतात. म्हणजे वर नाव घेतलेली सगळीच मंडळी ही अट आरामात ओलांडतात. कायद्याने नुसता उंबरा घालून दिलाय. खरी निवड त्याच्या आत होते, आणि तिथे डोंगर बोलायला लागतो.

सपाट रानात गोळी शंभर मीटरच्या आत सुटते. डोंगरात हरीण घळीच्या पलीकडल्या उतारावर उभं असतं, दोनशे मीटरवर, कधी जास्त. तेवढं अंतर कापायला गोळीला पाव सेकंदाहून थोडं अधिक लागतं आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली तीस-पस्तीस सेंटिमीटर उतरते. म्हणून दुर्बीण अशी बसवतात की गोळी शंभर मीटरवर चार सेंटिमीटर वर लागावी. मग १६० ते १८० मीटरच्या आसपास ती पुन्हा बरोबर नेमावर येते. खोक्याच्या कडेला हा सगळा तक्ता छापलेला असतो. वेगवान आणि निमुळती गोळी कमी वाकते, हा ७×६४ चा मोठा गुण. ९.३×६२ ची अठरा-साडेअठरा ग्रॅमची गोळी डुकरांच्या हाक्यात नामी, पण घळीपलीकडे तिचा झोक लवकर खाली जातो.

चढउताराचा डाव तर भल्याभल्यांना फसवतो. चाळीस अंशांच्या उतारावर अंतर २०० मीटर असलं तरी गुरुत्वाकर्षण मोजतं ते आडवं अंतर, म्हणजे सुमारे १५३ मीटर. नेम २०० चा धरला तर गोळी वरून जाते. आणि गंमत म्हणजे वर मारा की खाली, चूक एकाच बाजूला होते. त्यात वारा सकाळी दरीकडे उतरतो आणि ऊन तापलं की वर चढतो. काळीज आणि फुफ्फुसं मिळून जेवणाच्या थाळीएवढी जागा असते, त्यामुळे हा हिशोब विसरलेला माणूस घरी रिकामा आला तर ते नशीबच म्हणायचं. वाईट म्हणजे जनावर जखमी होऊन निसटतं.

याच भीतीने काहीजण मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचं काडतूस घेतात. मला यातलं फारसं कळत नाही, पण खांद्याला बसणारा धक्का एकदा अनुभवला की माणूस पुढच्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, हे मी शूटिंग रेंजवर स्वतःवरूनच सांगतो. जास्तीचे हजार ज्यूल घेऊन एक वीत बाजूला मारण्यापेक्षा साधं काडतूस बरं. शिवाय रायफल पाठीवर टाकून हजार मीटर चढायचं असतं. हलक्या रायफलीतून मोठं काडतूस म्हणजे धक्का आणखी मोठा.

उरली गोळी. शेजाऱ्यांनी ड्रॉवरमधून दोन वापरलेल्या गोळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. एक शिशाची, पावसाळी आळंबीसारखी फुललेली, कडा फाटून अर्धं वजन वाटेतच सांडलेलं. दुसरी तांब्याची, चार पाकळ्या मागे वळलेल्या, वजन जवळपास तेवढंच. शिशाचे ते सांडलेले कण मांसात राहतात, आणि टाकून दिलेल्या आतड्यांतून ते खाल्लेले समुद्री गरुड विषबाधेने मरतात. म्हणून बाडेन-वुर्टेम्बर्गसारख्या राज्यांत हरणांवर शिशाची गोळी चालतच नाही. पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर ठेवायला पीळ जास्त घट्ट लागतो. तांबं उमलायलाही वेग हवा. यावरचा उपाय म्हणजे गोळी थोडी हलकी घ्यायची आणि वेग राखायचा.

पाकळ्या उमलून गोळी आरपार गेली पाहिजे, यावर मात्र त्यांचा कटाक्ष. बाहेर पडायचं भोक असलं की रक्ताचा माग मिळतो. शिकाऱ्यांच्या बोलीत त्या रक्ताला 'श्वाइस' म्हणतात, म्हणजे घाम. फेसाळ लालभडक असेल तर फुफ्फुस, काळपट असेल तर यकृत. नेम चांगला लागला तरी हरीण पन्नास-शंभर मीटर धावतं, आणि डोंगरात तेवढ्यात ते कड्याखाली गेलेलं असतं. मग बव्हेरियन डोंगरी श्वाइसकुत्रा लांब पट्ट्यावर बांधून काढावा लागतो. हे तांबूस कुत्रं याच कामासाठी या डोंगरांत घडवलंय.

तर चार खोकी. चारही तांब्याची, चार कारखान्यांची, वजनं नऊ ग्रॅमच्या अलीकडेपलीकडे. रायफल त्यांच्या वडिलांची, शिशाच्या जमान्यातली. रेंजवर त्यांनी प्रत्येक खोक्यातली पाच-पाच मारली, दर वेळी नळी गार होऊ देत. पहिल्या कागदावर भोकं हातभर विखुरली. दुसरा आणि चौथा बरे. तिसऱ्यावरची पाचही भोकं त्यांनी खिशातलं दोन युरोचं नाणं ठेवून झाकली, आणि त्याच दुपारी दुकानात जाऊन त्याच लॉटची आणखी चार खोकी घेऊन आले.