राणीचं पत्र आणि दख्खनची वाट

नांदेड जिल्ह्यातल्या इस्लापूरजवळ पैनगंगा सहस्रकुंडाच्या काळ्या कातळावरून खाली कोसळते. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. हीच नदी वरच्या अंगाला, हिंगोली आणि वाशिमच्या दरम्यान कुठेतरी, 1584 साली लंडनच्या एका व्यापाऱ्याने ओलांडली असावी. त्याचं नाव राल्फ फिच. गोवळकोंड्याहून बिदर, बिदरहून अकोल्याजवळचं बाळापूर आणि तिथून बऱ्हाणपूर असा त्याचा प्रवास झाला. बिदर आणि बाळापूर यांच्यामध्ये नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती उदगीर-अहमदपूरच्या मुलखातून निघते, गोदावरी ओलांडते आणि हिंगोली-वाशिमवरून वर चढते. मोठा वळसा घातल्याशिवाय या दोन नद्या चुकत नाहीत.

फिचच्या वृत्तान्तात मात्र या टापूला जेमतेम दोन-तीन ओळी आल्या आहेत. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं दर्यावर्दी साहस म्हटलं की फ्रान्सिस ड्रेकची पृथ्वीप्रदक्षिणा, वॉल्टर रॅलेची अमेरिकेतली वसाहत, स्पेनच्या आरमाराचा पराभव हेच आठवतं. त्याच काळात इंग्रज आपल्या मुलखात येऊन गेले. एक जण धर्मासाठी आला आणि मराठीत लिहून गेला. चौघे व्यापारासाठी निघाले आणि कैदी होऊन गोव्यात उतरले. तोफा आणि वखारी पुढे बऱ्याच वर्षांनी आल्या.

आधी आला तो थॉमस स्टीफन्स. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन गावी 1549 च्या सुमारास त्याचा जन्म झाला. एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक माणसाला मोकळेपणाने राहता येत नव्हतं. त्यामुळे तो रोमला गेला आणि 1575 मध्ये जेझुइट संघात दाखल झाला. 4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघालेल्या पोर्तुगीज ताफ्यातून तो 24 ऑक्टोबरला गोव्याला पोहोचला. भारतात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार त्याचंच नाव घेतात. पोहोचल्यावर काही दिवसांतच त्याने वडिलांना प्रवासाची हकिकत सांगणारं सविस्तर पत्र लिहिलं. वारे, प्रवाह, केप ऑफ गुड होपजवळचे धोके, जहाजाची जागा ठरवण्याच्या अडचणी असं सगळं त्यात होतं. रिचर्ड हॅक्लूटने ते आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापलं. धर्मापायी देश सोडलेल्या मुलाचं घरगुती पत्र अशा रीतीने लंडनच्या व्यापाऱ्यांच्या उपयोगी पडलं.

स्टीफन्सची चाळीस वर्षं गोव्यात, मुख्यतः साष्टी तालुक्यात गेली. तिथली भाषा तो नुसती बोलायला शिकला नाही, तिच्या रचनेत शिरला. इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकशी जुळते, असं त्याने 1583 च्या पत्रात भावाला कळवलं होतं. विल्यम जोन्सने कोलकात्यात हाच विचार मांडला तो दोनशे वर्षांनी, 1786 मध्ये. स्टीफन्सने कोकणीचं व्याकरण रचलं. ते त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये छापलं गेलं. त्याचं मोठं काम म्हणजे 'क्रिस्तपुराण'. बायबलमधली कथा त्याने मराठी ओवीत सांगितली आणि ओव्यांची संख्या अकरा हजारांच्या घरात गेली. पुराण ऐकायची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांना पुराणाच्याच थाटात नवा धर्म सांगायचा, हा त्यामागचा हिशेब. 1616 मध्ये राशोलच्या छापखान्यात ते रोमन लिपीत छापलं गेलं. सतराव्या शतकातल्या त्याच्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. देवनागरीतलं एक हस्तलिखित मात्र लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये जपलेलं आहे.

स्टीफन्सच्या ओवीला ज्या भूमीचा आधार होता, ती गोदाकाठची. पैठणला संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांमधले अपपाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 मध्ये. त्याच साली फिच दख्खनमधून उत्तरेला निघाला होता. पैठण त्याच्या वाटेवर नव्हतं आणि असतं तरी पोथीत त्याला रस वाटला नसता.

फिचची हकिकत सुरू होते फेब्रुवारी 1583 मध्ये. एडवर्ड ऑस्बोर्न आणि रिचर्ड स्टेपर हे लंडनचे बडे व्यापारी. तुर्कस्तानशी व्यापार करणाऱ्या मंडळींत त्यांचं वजन मोठं. मसाले, रेशीम, सुती कापड हा माल सीरियातल्या हलबच्या (अलेप्पोच्या) बाजारात येतो कुठून, ते मूळ गाठायचं त्यांनी ठरवलं. जॉन न्यूबेरी हा पूर्वी इराणी आखाताच्या तोंडाशी असलेल्या हुर्मुझपर्यंत जाऊन आलेला माणूस. त्याच्याकडे नेतृत्व दिलं. सोबत फिच, जॉन एल्ड्रेड, विल्यम लीड्ज हा रत्नपारखी आणि जेम्स स्टोरी हा चित्रकार. न्यूबेरीजवळ एलिझाबेथ राणीची दोन पत्रं होती. एक अकबर बादशहाला, दुसरं चीनच्या सम्राटाला. 'टायगर' नावाच्या जहाजातून ही मंडळी सीरियाच्या किनाऱ्याला लागली. हलबला जाणाऱ्या याच नावाच्या जहाजाचा उल्लेख पुढे शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मध्ये आला.

हलबहून युफ्रेटिस नदीने खाली, मग बगदाद, मग बसरा. एल्ड्रेड बसऱ्यालाच व्यापारासाठी थांबला. बाकीचे चौघे सप्टेंबरमध्ये हुर्मुझला पोहोचले आणि काही दिवसांतच पोर्तुगीजांच्या कैदेत पडले. एका व्हेनिसच्या व्यापाऱ्याने त्यांच्याविरुद्ध कान भरले होते. बाजारात नवा स्पर्धक कोणाला हवा असतो? पण त्याच्या तक्रारीला राजकारणाचं बळ मिळालं. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने 1580 मध्ये पोर्तुगालची गादी घेतली होती आणि त्या गादीवर हक्क सांगणाऱ्या डॉम अंतोनियोला इंग्लंडची सहानुभूती होती. हे इंग्रज त्याचीच पत्रं घेऊन आले असावेत, असा संशय घेतला गेला. शिवाय ड्रेकने मोलुक्का बेटांजवळ पोर्तुगीज गलबतावर तोफा डागल्याचं प्रकरण होतंच. ड्रेकच्या पराक्रमाचा जाब हुर्मुझमध्ये न्यूबेरीला द्यावा लागला.

ऑक्टोबरमध्ये चौघांची गोव्याला रवानगी झाली. नोव्हेंबरच्या अखेरीस ते तिथल्या तुरुंगात पोहोचले. गोवा त्या वेळी तापलेलं होतं. जुलैमध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी, देवळं पाडली गेल्याच्या रागातून, पाच जेझुइटांना आणि त्यांच्या सोबत्यांना ठार केलं होतं. मारला गेलेला रुदोल्फो अक्वाव्हिवा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतला होता. मृतदेह ताब्यात घेण्याच्या कामात स्टीफन्स पुढे होता. अशा शहरात, एका परक्या आणि प्रॉटेस्टंट राणीचे कागद बाळगणाऱ्यांची बाजू कोण घेणार?

घेतली ती स्टीफन्सनेच. धर्म वेगळा, पण देश आणि भाषा एक. दुसरा मदतीला आला तो यान व्हान लिन्सोटेन हा विशीतला डच तरुण, गोव्याच्या आर्चबिशपचा कारकून. त्याने आपल्या धन्याकडे रदबदली केली. चित्रकार स्टोरीने वेगळी वाट धरली. जेझुइटांना चर्चमध्ये चित्रं काढायला माणूस हवा होता. तो त्यांच्याकडे राहायला गेला आणि सुटला. उरलेले तिघे डिसेंबरमध्ये सुमारे दोन हजार नाण्यांच्या जामिनावर बाहेर आले. त्यांनी घर भाड्याने घेतलं, दुकान मांडलं आणि धंदाही बरा चालू लागला.

पण जामिनाचे पैसे परत मागायला ते व्हाइसरॉयकडे गेले तेव्हा उत्तर कडक मिळालं: तुमची अजून नीट चौकशी व्हायची आहे. हात पाठीमागे बांधून दोराने वर खेचायचं आणि एकदम खाली सोडायचं, ही शिक्षा आपल्याला होणार असं त्यांच्या कानावर आलं. तिघांनी निर्णय घेतला. एप्रिल 1584 मध्ये त्यांनी नदी पार केली आणि आदिलशाही मुलखाकडे धूम ठोकली. फिच लिहितो की दोन दिवस ते भीतीपोटी पायी चालत राहिले. वाट माहीत नव्हती आणि सोबत वाटाड्याही नव्हता.

पहिलं मोठं गाव लागलं ते बेळगाव. तिथे हिरे, माणकं, नीलम यांचा मोठा बाजार भरतो, अशी फिचची नोंद आहे. पुढे विजापूर. दुसरा इब्राहिम आदिलशहा तेव्हा वयाने लहान होता. फिचला दिसल्या त्या उंच, देखण्या इमारती, मुबलक सोनं-चांदी, हत्ती आणि रानात गाय-माकडाच्या रूपातले देव. नंतर गोवळकोंडा: विटा आणि लाकडाची चांगली घरं, फळं, गोडं पाणी आणि जवळच हिऱ्यांच्या खाणी. कुठे काय पिकतं, काय विकतं आणि बंदर किती लांब आहे, हे फिच सगळीकडे टिपत गेला. माणसांच्या मनात डोकावण्याचं कुतूहल त्याला फारसं नव्हतं. देवाधर्माबद्दलची त्याची मतं तर उथळच आहेत.

यानंतर येतो आपला टापू. छापील मजकुरात गावाचं नाव 'सर्व्हिडोर' असं पडलं आहे आणि तिथला राजा 'ब्रेड'चा. अभ्यासकांनी हे बिदर आणि बरीदशाही यांच्याशी जुळवलं आहे. मुलूख छान आहे, घरं मातीची आणि गवताने शाकारलेली आहेत, मुसलमान आणि हिंदू दोन्ही पुष्कळ आहेत; एवढं सांगून तो थेट बाळापूरला जातो. मधलं सारं निसटलं. वऱ्हाडची इमादशाही 1574 मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने गिळली होती. तिच्या बाळापुरात तेव्हा निजामशाहीचा अंमल होता. म्हणजे गोवळकोंड्याहून निघालेल्या फिचने बरीदशाही पार करून निजामशाहीत पाय ठेवला होता. तीन सुलतानांच्या हद्दी ओलांडताना त्याला कोणी अडवल्याचं त्याने लिहिलेलं नाही. व्यापारी आणि यात्रेकरूंनी रुळवलेल्या वाटा होत्या, मुक्कामाची गावं ठरलेली होती. पोर्तुगीजांच्या गोव्यात ज्यांना शिक्षेची भीती होती, ते दख्खनमधून सुखरूप गेले.

बऱ्हाणपूरला मात्र फिच थबकला. सुती आणि रंगीत छापील कापड इथे प्रचंड निघतं, असं त्याने लिहिलं. जून ते ऑगस्टमध्ये रस्त्यांवर इतकं पाणी साचतं की घोड्याशिवाय फिरता येत नाही. आणि लग्नं! आठ-दहा वर्षांचा नवरा, पाच-सहा वर्षांची नवरी, दोघं नटूनथटून एकाच घोड्यावर, पुढे वाजंत्री, गावातून वरात. मग भात आणि फळांची पंगत आणि रात्र उलटेपर्यंत नाच. त्याच्या सगळ्या वृत्तान्तातलं हे सर्वांत जिवंत चित्र असावं. पुढे माळव्यात पावसाने नद्या इतक्या फुगल्या होत्या की जीव मुठीत धरून पोहत जावं लागलं.

आग्रा आणि फत्तेपूर सिक्री ही दोन शहरं पाहून हा लंडनकर चकित झाला. दोन्ही लंडनपेक्षा मोठी आणि गजबजलेली, असा निर्वाळा त्याने दिला. राणीचं पत्र अकबराच्या हाती पडलं की नाही, याबद्दल तो काही बोलत नाही. लीड्ज जवाहिऱ्या म्हणून बादशहाच्या चाकरीत राहिला. त्याला घर, घोडा, पाच गुलाम आणि रोजचा तनखा मिळाला. न्यूबेरी सप्टेंबर 1585 मध्ये लाहोर-इराणच्या वाटेने मायदेशी निघाला. त्यानंतर त्याचा मागमूस लागला नाही.

फिच एकटा पूर्वेला निघाला. मीठ, अफू, हिंग, शिसं, गालिचे भरलेल्या 180 होड्यांच्या तांड्याबरोबर तो यमुना-गंगेतून बंगालला उतरला. सोनारगावचं तलम कापड, पेगूचे पांढरे हत्ती, मग 1588 मध्ये मलाक्का. स्पेनचं आरमार इंग्लंडवर चालून आलं ते याच वर्षी. परतताना तो पुन्हा गोव्यावरून गेला, जिथून जामीन बुडवून पळाला होता तिथूनच. 29 एप्रिल 1591 रोजी तो लंडनला पोहोचला. आठ वर्षं झाली होती.

फिच प्रवासात असतानाच इंग्रजांचा वसाहतीचा पहिला डाव फसला होता. रॅलेने आजच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरल्या रोआनोक बेटावर 1587 मध्ये वस्ती बसवली. 1590 मध्ये जहाज परत आलं तेव्हा तिथे एकही माणूस नव्हता. जमीन बळकावून लोक वसवण्यापेक्षा पूर्वेच्या बाजारात शिरणं शहाणपणाचं, असं लंडनच्या सराफ्याला वाटायला आणखी एक कारण घडलं. ऑगस्ट 1592 मध्ये अझोर्स बेटांजवळ इंग्रजांनी 'माद्रे द देउस' हे पूर्वेकडून परतणारं पोर्तुगीज जहाज लुटलं. सात मजल्यांच्या, सुमारे 1,600 टनांच्या त्या जहाजात मिरी, लवंग, दालचिनी, कापड आणि रत्नं खच्चून भरलेली होती. मकावला छापलेलं चीनविषयीचं एक लॅटिन पुस्तकही त्यात सापडलं, सुती कापडात कितीतरी वेळा गुंडाळून देवदाराच्या पेटीत जपलेलं. हॅक्लूटला ते फार मोलाचं वाटलं.

लिन्सोटेनने 1596 मध्ये पोर्तुगीजांच्या सागरी मार्गांची गुपितं पुस्तकात फोडली. दोन वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. फिचचा वृत्तान्त हॅक्लूटने 1599 मध्ये छापला. 31 डिसेंबर 1600 रोजी एलिझाबेथने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. पूर्वेकडच्या राजांना पत्रं लिहायची, तर त्यांच्या पदव्या नेमक्या काय, हे कंपनीच्या कारभाऱ्यांनी फिचलाच विचारून घेतलं. तो 1611 मध्ये वारला. कंपनीचा विल्यम हॉकिन्स तोवर सुरतेला उतरून जहांगीरच्या दरबारात हजर झाला होता. 1615 मध्ये टॉमस रो बऱ्हाणपूरला पोहोचला, तो मात्र इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून. मुंबई कंपनीच्या हाती आली ती 1668 मध्ये, फिचच्या पलायनानंतर 84 वर्षांनी.

या प्रवासाला इंग्रजी पुस्तकं 'शोध' म्हणतात. दख्खनपुरतं बोलायचं तर फिचने काहीच शोधलं नाही. बेळगावचा रत्नबाजार, बऱ्हाणपूरचे छिपे, गोदेचे उतार, बिदरची वाट हे सगळं आधीपासून नांदतं होतं. त्याने ते पाहिलं, लिहून नेलं आणि ते छापलं गेलं. ज्यांनी त्याला वाट दाखवली, शिधा विकला, नदीपार केलं, त्यांचं एकही नाव त्याच्या पानांवर नाही. आपणही ते कुठे नोंदवून ठेवलं नाही.

निदान आता तरी बिदर ते बाळापूर ही वाट कोणीतरी चालून पाहावी. उदगीर, कंधार, हिंगोली, वाशिम या पट्ट्यातले जुने उतार, बारवा, सराया, पेठा यांची गाववार नोंद करायचं काम नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आणि इस्लापूर-किनवटकडच्या हौशी अभ्यासकांना सहज जमण्यासारखं आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना जुनी गाडीवाट कुठून जायची ते अजून सांगता येतं. ती माणसं आहेत तोवर हे विचारून घ्यायला हवं.