उकिरड्याचे शास्त्र

खेड्यातील गावरान कोंबडी दिवसभर उकिरडा उकरूनही धडधाकट कशी राहते, हे कुतूहल माझ्या मनात पुष्कळ वर्षे घर करून होते. आणि त्याचा माग काढीत मी ज्या दस्तऐवजापाशी थबकलो, तो मराठवाड्यातील कोणत्याही दप्तरातला नसून, अमेरिकेतील ओहायो राज्याच्या वूस्टर येथील कृषी प्रयोगकेंद्रातून १९४८ साली प्रसिद्ध झालेला एक लहानसा निबंध आहे.

केनार्ड, बेथके आणि चेंबरलिन हे त्याचे कर्ते. ज्यांच्या खाद्यात प्राणिज प्रथिनांचा अंश नव्हता, अशा कोंबड्यांच्या अंड्यांतून पिले नीट निघत नसत. परंतु जमिनीवर अंथरलेला जुना थर न काढता त्यावरच नवा पसरीत मुरविलेल्या गादीवर त्या ठेवल्या, म्हणजे उबवण सुधारत असे. खाद्यात जे उणे, ते पक्षी पायाखालून वेचीत होता! त्याच वर्षी ब-१२ जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात हाती आले, आणि ते केवळ सूक्ष्मजीवच निर्माण करतात हे कळल्यावर मुरलेल्या गादीचे, पर्यायाने उकिरड्याचे, गूढ बऱ्याच अंशी उकलले. आज ब-१२ खाद्यात आयते मिसळलेले मिळते, म्हणून गादीकडे केवळ विष्ठा शोषणारा जिन्नस म्हणून पाहिले जाते, हे मला शास्त्राचे विस्मरण वाटते.

गादीइतकीच खाद्याचीही बाजू पाहायला हवी. १९५४ साली कॉर्नेल विद्यापीठातील हिल आणि डॅन्स्की यांनी ओट धान्याचे तूस दळून पिलांच्या खाद्यात मिसळले. खाद्यातील ऊर्जा घटताच पिलांनी अधिक खाऊन तूट बरीचशी भरून काढली. वाढ फारशी खुंटली नाही, चरबी मात्र कमी झाली. पुढे चाळीसेक दिवसांत दोन किलो भरणारा ब्रॉयलर निपजला, आणि त्याला किलोमागे ३,००० किलोकॅलरींच्या आसपासचे खाद्य लागू झाले. गिरिराज, वनराज यांसारख्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्यांना इतकी घनता नको. २,६०० ते २,८०० पुरते, आणि अधिकाची पोटात चरबी होते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात ही बाब महत्त्वाची आहे, कारण सिल्लोड-कन्नडकडे मका मुबलक, आणि नुसता मका टाकण्याचा मोह स्वाभाविक. मक्यात किलोमागे सुमारे ३,३०० किलोकॅलरी ऊर्जा, प्रथिने मात्र शेकडा नऊच्या आतबाहेर. ऊर्जेची भूक भागताच पक्षी दाणा सोडतो, आणि प्रथिनांची उणीव तशीच राहते. सोयाबीनची पेंड तेथे हवीच.

आता खरी मेख. कमी ऊर्जेचे हलके खाद्य अधिक खाल्ले जाते, विष्ठाही अधिक पडते, आणि सावकाश वाढणारा पक्षी गादीवर राहतोही ब्रॉयलरच्या जवळजवळ दुप्पट काळ. म्हणजे खाद्यात केलेल्या काटकसरीचा भार अखेर गादीच्या तुसावर येतो. गादी ओली होऊन थापली गेली की अमोनिया सुटतो, आणि त्याचे प्रमाण दशलक्षात पंचवीस भागांच्या वर गेले की डोळे व श्वासनलिका बिघडू लागतात. तळव्यांना व्रण पडतात, रक्ती हगवण बळावते. बसून राहणाऱ्या ब्रॉयलरची गादी माणसाला खालीवर करावी लागते; सावकाश वाढणारा पक्षी मात्र ती स्वतः उकरून बरीच कोरडी ठेवतो, फक्त त्याला पुरेशी जागा आणि भुसभुशीत थर मिळाला पाहिजे.

मराठवाड्यात साळ नगण्य, म्हणून तूस दुरून आणावे लागते; नाहीतर लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफले. करारावरच्या कुक्कुटपालनात पिले आणि खाद्य बहुधा कंपनीचे, शेड, मजुरी व तूस शेतकऱ्याचे. त्यामुळे खाद्याचा हिशेब ग्रॅमपर्यंत होतो आणि गादीचा होतच नाही. मला हे अन्यायाचे वाटते. फ्रान्समध्ये लेबल रूज या मुद्रेच्या कोंबडीला किमान ८१ दिवस वाढवण्याची अट आहे, आणि त्या विलंबाचा दाम गिऱ्हाईक मोजते. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात पशुसंवर्धन खात्याचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे, गावरान कोंबडीला ब्रॉयलरहून चढा भावही आहे. त्या भावाच्या आकारणीत तुसाचे खाते वेगळे मांडावे, एवढी तजवीज खात्याने अवश्य करावी.